मोबाइलवरून कामाला माणूस लावताना

 

भांडी काळी पडली की आपल्या आया कल्हईवाल्याची वाट बघायच्या. तो दारात यायचा, भांडी मोजायचा, भाव ठरायचा, काम व्हायचं आणि पैसे घेऊन तो पुढच्या गल्लीत जायचा. तो कुणाचा नोकर नव्हता. नातं कामापुरतं असायचं. आज ज्याला फ्रीलान्सर म्हणतात, तोही तसाच. मात्र तो आपल्या दारात येत नाही. तो कोलकात्यात असेल, नाशकात असेल, नाहीतर परदेशात. त्याला शोधायचं मोबाइलवरच्या बाजारात.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला कशाला लागतोय असा माणूस? तर सांगतो. आम्हा सोलापूरकडच्या बायकांचा माल म्हणजे ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माल चांगला असतो, पण पुण्या-मुंबईच्या दुकानात ठेवायचा तर पाकिटाला नीट लेबल लागतं, मालाचे बरे फोटो लागतात, कधी माहितीपत्रक इंग्रजीत करून लागतं. ही कामं वर्षातून दोन-चार वेळा निघतात. त्यासाठी पगारावर माणूस ठेवणं कुठल्याच गटाला परवडत नाही. म्हणून या बाजाराची माहिती हवी.

हे बाजार साधारण दोन पद्धतींनी चालतात. पहिली पद्धत दुकानासारखी. काम करणारा आपले नमुने आणि दर मांडून बसतो, आपण बघायचं आणि निवडायचं. फायव्हर हे त्यातलं. ते २०१० साली इस्रायलमध्ये सुरू झालं. तेव्हा तिथलं प्रत्येक काम पाच डॉलरला मिळायचं आणि नावही त्यावरूनच पडलं. दुसऱ्या पद्धतीत आपण आपलं काम लिहून टाकायचं आणि करणाऱ्यांनी आपापला दर कळवायचा. बँकेत कर्जाचं प्रकरण करताना आपण मशीनची तीन कोटेशन जोडतो ना, तसंच. अपवर्क आणि फ्रीलान्सर ही ठिकाणं मुख्यतः अशी चालतात.

पहिली गोष्ट खात्याची. पुष्कळ गटांत मोबाइलचं काम म्हटलं की कुणाचा तरी भाचा नाहीतर दीर धावून येतो आणि खातं स्वतःच्या नंबरावर उघडून देतो. मदत जरूर घ्या, पण खातं गटाच्या ई-मेलवर असू द्या. पासवर्ड सचिव आणि कोषाध्यक्ष या दोघींकडे राहू द्या. किती रुपयांपर्यंत खर्च करायचा, याचा ठराव सभेत करून वहीत लिहा. आलेलं बिल फाइलला लावा. गटाचा पैसा आहे, तो कुठं गेला हे प्रत्येकीला विचारता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट काम सांगण्याची. ‘छान लेबल करून द्या’ एवढंच लिहिलं तर तुमचं छान आणि त्याचं छान कधीच जुळायचं नाही. काम असं लिहा: “२०० ग्रॅम शेंगदाणा चटणीच्या उभ्या पाकिटाचं लेबल, पुढची आणि मागची बाजू. रुंदी १२० मिलिमीटर, उंची १८० मिलिमीटर. मजकूर मराठी आणि इंग्रजी, तो आम्ही टाइप करून देऊ. आधी दोन वेगळे नमुने दाखवावेत. एक पसंत केल्यावर दोन वेळा दुरुस्ती. काम १० दिवसांत.” माप घेताना रिकामं पाकीट टेबलावर पसरून पट्टीनं मोजा, अंदाजानं लिहू नका.

मजकुराची जबाबदारी आपली, चित्र काढणाऱ्याची नव्हे. पदार्थाचं नाव, घटक, पोषणमूल्यं, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बॅच नंबर, बनवणाऱ्यांचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, हे सगळं आधीच जमवून ठेवा. शेंगदाण्याची काहींना ॲलर्जी असते, ती सूचनाही लेबलावर हवी. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला यातलं सगळंच ठाऊक असेल असं धरून चालू नका.

मराठीची तर खास काळजी घ्या. देवनागरीची सवय नसलेल्याच्या हातात मजकूर गेला की कधी जोडाक्षर सुटतं, कधी पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. ज्याला अक्षरंच वाचता येत नाहीत, त्याला ती चूक दिसणार तरी कशी? म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, कागदाचा फोटो काढून नको. तयार लेबल दोघींनी मिळून वाचा. एकीनं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं लेबलावर बोट ठेवून जुळवायचं. काम ताब्यात घेताना छपाईची पीडीएफ घ्या आणि पुढं बदल करता येईल अशी मूळ फाइलही घ्या. छपाईच्या फाइलमध्ये अक्षरांचे आकार गोठवून द्यायला सांगा, म्हणजे छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला तरी अक्षरं मोडत नाहीत. मूळ फाइल लागेल, हे काम ठरवतानाच सांगा. मागाहून मागितली तर त्याचे वेगळे पैसे पडू शकतात.

आता माणूस कसा पारखायचा? नुसते तारे मोजू नका. लोकांनी काय लिहिलंय ते वाचा. चांगले अभिप्राय तर वाचाच, पण नाराज माणसांचे आधी वाचा. एकाच प्रकारची तक्रार तीन-चार जणांनी केली असेल तर तिथं थांबा. आपल्यासारखं काम त्यानं पूर्वी केलंय का ते बघा आणि त्या कामाबद्दल एखादा प्रश्न विचारा. काम त्याचंच असेल तर उत्तर नेमकं येतं. खात्री पटत नसेल तर आधी छोटं काम द्या, पण त्याचे पैसे द्या. ‘आधी फुकट करून दाखव, आवडलं तर बघू’ असं म्हणू नका.

हे का म्हणतोय, ते सांगतो. आमच्या गटाकडे एका लेबलासाठी दोन दर शेवटपर्यंत राहिले होते. एक ४०० रुपयांचा, दुसरा १,८०० चा. बहुतेकींचं मत ४०० कडे झुकलं. अठराशे म्हणजे आमच्या कितीतरी पाकिटांचा नफा, त्यामुळे ते साहजिकच होतं. आमच्यातल्या एक मावशी बरीच वर्षं बिड्या वळायच्या. त्या म्हणाल्या, “हे काम करायला वेळ किती लागतो, ते तरी विचारा.” एकीची मुलगी डीटीपी करते, तिला विचारलं. ती म्हणाली, नमुने, दुरुस्त्या सगळं धरून दोन दिवस. मग हिशेब मांडला. ४०० मधून बाजाराची कपात जाणार. फायव्हरवर ही कपात २० टक्के असते. तसं धरलं तर हातात ३२० उरतात. म्हणजे दिवसाला १६०. खुरपणीलासुद्धा एवढ्या मजुरीत आमच्याकडे कोणी येत नाही.

मग मावशींनी छाटीचं सांगितलं. बिड्या देताना ठेकेदार त्यातल्या काही बाजूला काढायचा, ती छाट. तिचे पैसे मिळायचे नाहीत आणि बिड्याही परत मिळायच्या नाहीत. मावशी म्हणाल्या, “छाट फेकून दिलेली मी कधी पाहिली नाही. आता आपण कुणाच्या कामाची छाट काढायची नाही.” सभेत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

अठराशे मात्र आम्हाला खरंच जड जात होते. म्हणून आम्ही दर पाडला नाही, काम कमी केलं. दोन नमुन्यांऐवजी एक, आणि मागची बाजू साधी, नुसत्या मजकुराची. तेवढ्या कामाचा दर विचारला. १,५०० ला ठरलं. मैत्रिणींनो, पैसे कमी असतील तेव्हा ही रीत लक्षात ठेवा. मागणी आटोपशीर करा, समोरच्याची मजुरी नको.

पैशांचा व्यवहार कसा होतो, तेही समजून घेऊ. ठरलेल्या रकमेच्या कामात आपण आधी पैसे भरतो, पण ते लगेच काम करणाऱ्याच्या हातात जात नाहीत. बाजार ते अनामत ठेवतो. आपण काम मान्य केलं की ते त्याला मिळतात. यात दोघांचीही सोय आहे. आपले पैसे घेऊन कुणी पसार होत नाही आणि त्याचं काम घेऊन आपणही पसार होत नाही. पण काम हातात आल्यावर गप्प बसू नका. फायव्हरवर काम मिळाल्यावर तीन दिवस आपण काहीच कळवलं नाही तर ते मान्य झालं असं धरलं जातं. अपवर्कवर ठरावीक रकमेच्या कामात ही मुदत १४ दिवसांची आहे. सभा पंधरवड्यानं भरणार असेल तर निर्णय कोण घेईल, ते आधीच ठरवून ठेवा.

कधी समोरून निरोप येतो, “ताई, इथं कपात जाते, आपण व्हॉट्सॲपवर व्यवहार करू, पैसे थेट पाठवा.” ऐकायला बरं वाटतं. पण बाजाराबाहेर पैसे गेले की अनामतीची सोय संपली आणि तक्रारीची वाटही बंद झाली. शिवाय तसं करणं या ठिकाणांच्या नियमांत बसत नाही. कुणाला ओटीपी सांगू नका. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितकी घाई कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आता जरा कायद्याचं. पुष्कळ जणींना वाटतं, पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं. तसं दर वेळी होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम सहसा मालकाचं असतं, पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या निर्मितीचा हक्क साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. तो आपल्याकडे यायला लेखी आणि सहीचा करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून बाजाराच्या अटींत हक्काबद्दल काय म्हटलंय ते वाचा, आणि गटाचं बोधचिन्ह करून घेत असाल तर कायमचे सगळे हक्क गटाला दिले आहेत असा कागद सहीनिशी घ्या. उलट बाजूही तितकीच खरी. काम नाकारून पैसे परत घेतले, तर ते चित्र वापरायचं नाही. वापरलं तर ती आपण काढलेली छाटच झाली.

काम संपलं की अभिप्राय जरूर द्या. तुमच्या आमच्या दृष्टीनं तो एक तारा असतो, पण त्या माणसाला पुढचं काम मिळणं त्यावर अवलंबून असतं. उशीर झाला असेल तर उशीर झाला असंच लिहा. रागाच्या भरात सगळ्या कामाला नावं ठेवू नका. काम चांगलं झालं असेल तर काय चांगलं झालं तेही दोन ओळींत लिहा.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशात अशी सुटी कामं करणारे २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते, असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्यानं त्यांची पहिल्यांदा व्याख्या केली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण व्याख्या झाली म्हणून उद्याच्या जेवणाची सोय होत नाही. ती होते कामाचा रास्त दाम वेळेवर मिळाला तर, आणि तेवढं आपल्या हातात आहे.

अजून एक. मोबाइलवर शोधायच्या आधी तालुक्यात एकदा चौकशी करा. डीटीपी शिकलेली, फोटो चांगले काढणारी एखादी मुलगी घरात बसून काम शोधत असेल. तिला काम द्या, ते याच पद्धतीनं लिहून द्या, आणि ओळखीची आहे म्हणून फुकट मागू नका.

तुमच्या गटानं असं काम करून घेतलं असेल, किंवा तुमच्यापैकी कुणी असं काम करत असेल, तर केंद्रावर येऊन सांगा. तुमचा अनुभव तुमच्याच आवाजात ऐकवू. आज इथंच थांबतो. नमस्कार.