दोष विरजणाचा नव्हता



मागच्या वर्षी आमच्या बचत गटानं शाळेच्या पोषण आहाराचं आणि लग्नकार्यांतलं खरकटं गोळा करून खत करायचं ठरवलं. खड्डा खणला, खरकटं ओतलं, वरून कंपोस्ट कल्चरचं पाणी शिंपडलं आणि झाकून टाकलं. वाटलं, पुढचं काम जिवाणू करतील. आठ दिवसांत अशी दुर्गंधी सुटली की शेजारच्या घरांत घास उतरेना. माश्या-अळ्या वेगळ्याच. "खड्डा बुजवा," लोक तोंडावर सांगू लागले. गटाचं काम बंद पडायची वेळ आली.

आम्ही कल्चरला नावं ठेवत बसलो. तेव्हा गटातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, थंडगार दुधात विरजण घातलं तर दही लागेल का? मग दोष विरजणाचा का?"

खरंच होतं ते. खत करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. ओलं खरकटं दाबून बसलं की आत हवा जात नाही. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात आणि घाण वास सुटतो.

आता आम्ही जमिनीवरच ढीग रचतो. तळाला तुरीच्या काड्या. एक घमेलं खरकटं, त्यावर दोन-तीन घमेली वाळका पालापाचोळा. प्रत्येक थरावर कल्चरचं पाणी. ते नसलं तर शेणकाला आणि मूठभर जुनं खत. जिवाणू त्यातही असतात. मिश्रण मुठीत दाबून बघतो: हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. ढीग कमरेएवढा तरी हवा, नाहीतर ऊब धरत नाही. तेलकट, खारट अन्न थोडंच घालतो.

दोन-तीन दिवसांत ढीग 55 ते 60 अंशांपर्यंत तापतो. आत खुपसून ठेवलेली सळई काढली की हाताला चांगलीच गरम लागते. या उष्णतेत तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. ढीग थंडावला की फावड्यानं उलथतो, म्हणजे आत पुन्हा हवा जाते. साधारण तीन महिन्यांत खत काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो.

तेव्हा मैत्रिणींनो, ढिगाला घाण वास आला तर कल्चरची आणखी एक बाटली आणायला धावू नका. आधी वाळका पाला घाला आणि ढीग उलथा. आमच्याकडे ज्या शेजारणी भांडायला आल्या होत्या, त्या आता वांग्यांसाठी पाटीभर खत मागायला येतात.