चोरून केलेले ध्वनिमुद्रण : कायदा आणि विवेक



पुण्याच्या जुन्या वाड्यांत ‘भिंतींनाही कान असतात’ असे वडीलधारी मंडळी बजावीत. आज तो कान प्रत्येकाच्या खिशात आहे. ग्रामपंचायतीतील चर्चा असो, शिक्षक-पालकांचे बोलणे असो वा पती-पत्नीचा वाद असो, भ्रमणध्वनीवर ते नकळत मुद्रित होऊ शकते. कायद्याची याविषयी भूमिका काय?

तिचा पाया महाराष्ट्रातीलच एका खटल्याने घातला. १९६४ साली मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांनी एका रुग्णाच्या मृत्यूच्या चौकशीत संबंधित डॉक्टरांकडे प्रथम २०,००० व नंतर १०,००० रुपयांची मागणी केली. मध्यस्थ डॉक्टरांनी पोलिसांना कळविले आणि त्यांच्या संमतीने दूरध्वनीवरील संभाषण फितीवर घेण्यात आले. संभाषणातील एका पक्षाची संमती असल्याने तारयंत्र कायद्याचा भंग झाला नाही व हा पुरावा ग्राह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर १९७२ रोजी दिला. मात्र आवाजाची ओळख पटावी, संभाषण खटल्याशी संबद्ध असावे आणि फितीत फेरफार झालेला नसावा, अशा अटीही घातल्या.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. स्वतःशी झालेले बोलणे नोंदविणे वेगळे आणि दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याने कान घालणे वेगळे. दुसऱ्या प्रकारास शासनयंत्रणाही अपवाद नाही. दूरध्वनी ऐकण्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कडक बंधने घातली, तर २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. राजकीय व्यक्तींचे दूरध्वनी बेकायदा ऐकल्याच्या आरोपावरून पुण्यातही २०२२ मध्ये गुन्हा नोंदविला गेला. उच्च न्यायालयाने तो २०२३ मध्ये रद्द केला. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार अनधिकृतपणे संदेश मध्येच टिपणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

घराच्या उंबरठ्याआतील प्रश्न अधिक नाजूक आहे. पतीने पत्नीचे बोलणे गुपचूप मुद्रित केले, तर ते घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ठरविले. जोडीदारावर पाळत ठेवण्याची वेळ येणे हेच नाते मोडकळीस आल्याचे लक्षण होय, असेही न्यायालयाने सुचविले. पुरावा ग्राह्य ठरणे म्हणजे पाळतीला प्रशस्तिपत्र मिळणे नव्हे.

लाच मागितली गेल्यास नागरिकाने स्वतःच सापळा न रचता लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जावे. त्यासाठी १०६४ हा क्रमांक आहे. मुद्रण केलेच असेल, तर मूळ उपकरण जपावे आणि काटछाट करू नये. त्याची प्रत न्यायालयात द्यावयाची झाल्यास भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये प्रमाणपत्र लागते. ते मुद्रण गावभर फिरविल्यास मात्र बदनामीची जबाबदारी फिरविणाऱ्यावर येऊ शकते.

अन्यायाविरुद्ध दुर्बलाच्या हाती आलेले हे साधन आहे. तेच शेजाऱ्यावर रोखले गेले, तर शाळेत, कचेरीत आणि ग्रामसभेत मोकळेपणाने बोलण्यास कोणी धजणार नाही. ग्रामसभेचा तर प्राणच मोकळे बोलणे हा आहे. कायदा पुराव्याची कसोटी सांगतो. विश्वास जपणे नागरिकांच्याच हाती आहे.