कोजागिरीच्या रात्रीचा जोडेघाट



गोंदियाहून दुर्गकडे जाणारी गाडी दरेकशाला थांबते, तेव्हा एरवी चार-दोन माणसं उतरतात. भोवती डोंगर, साल-सागाचं रान, पुढे बोगदा. पण माघ पौर्णिमेच्या आसपास हेच स्टेशन ओळखू येत नाही. डब्यांच्या दारांतून पिवळे झेंडे बाहेर येतात, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया उतरतात, आणि सगळा लोंढा धनेगावच्या वाटेला लागतो. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेत गोंडांचे देव कोंडले होते आणि पारी कुपार लिंगोने ते सोडवले, अशी श्रद्धा. त्यासाठी छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशा, तेलंगणातून माणसं येतात. कुणाच्या गोंडीत तेलुगूचे शब्द, कुणाच्या गोंडीत छत्तीसगडीचा हेल, तर आपल्या देवरीकडच्यांच्या गोंडीत मराठी मिसळलेली. भेटल्यावर मात्र सगळ्यांचा शब्द एकच, ‘जय सेवा’.

एक समाज, एक भाषा, एक देवकूळ. आणि मधून पाच-सहा राज्यांच्या सीमा. हे चित्र जगात आणखी कुठे दिसतं म्हणाल, तर कुर्दांकडे. पहिल्या महायुद्धानंतर 1920 च्या सेव्हर्सच्या तहात कुर्दांना स्वतःच्या राज्याची आशा दाखवली गेली. 1923 च्या लोझानच्या तहात ती पुसलीही गेली. तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत एक डोंगरी समाज वाटला गेला. त्यांनी डोंगरांच्या आडोशाने ज्या लढाया दिल्या, त्यांतली हँड्रिन पर्वतावरची लढाई विशेष गाजली. तिच्याकडे पुढे येऊच. पण आज बोलायचं आहे ते आपल्या शेजारच्या डोंगराबद्दल. त्या डोंगराचं नाव जोडेघाट.

गोंदियाहून बल्लारशाची गाडी धरायची. अर्जुनी, वडसा, नागभीड करत चांदा फोर्टवरून बल्लारशा. पुढे राजुऱ्यावरून माणिकगडचे डोंगर चढले की जिवती तालुका लागतो, आणि त्याच डोंगररांगेत सीमेपलीकडे तेलंगणातलं केरामेरी. जोडेघाट तिथे आहे. आज आपण ‘पलीकडे’ म्हणतो, पण 1956 पर्यंत राजुरासुद्धा निजामाच्या मुलखातून आलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. तो आधी नांदेडला जोडला आणि 1959 साली चांद्याला. जिवतीतल्या चौदा गावांवरून तर दोन्ही राज्यांचा वाद अजून मिटलेला नाही. दोन ग्रामपंचायती, दोन रेशनकार्डं, दोन्हीकडे मतदान. कारभार दोघांचा असला की पाणी कुणीच आणत नाही, असं तिथला माणूस म्हणाला तर त्याला खोटं कसं म्हणायचं?

या डोंगरांत 1901 साली एक मुलगा जन्मला. कुमराम भीम. आपल्याकडे ज्यांना कुमरे म्हणतात, त्याच कुळाचा. मुलगा पंधरा वर्षांचा असताना त्याच्या बापाला जंगलखात्याच्या माणसांनी मारलं, अशी हकीकत तिथे सांगतात. घर उठलं, दुसऱ्या गावी गेलं. तिथे पीक काढायच्या वेळी शेत माझं म्हणत सिद्दिकी नावाचा माणूस आला. भांडणात तो भीमच्या हातून मेला आणि भीम पळाला. कुठे? चांद्याला. विठोबा नावाच्या छापखानेवाल्याने त्याला आसरा दिला आणि अक्षरओळख करून दिली, असं सांगतात. पुढे आसामच्या चहामळ्यांत काही वर्षं मजुरी, तिथे अटक, तिथून निसटून मालगाडीने परत बल्लारशा. यातलं बरंच तोंडोतोंडी आलेलं आहे. कागद शोधायला बसलं तर हाती थोडं लागेल. पण डोंगरातला एक पोरगा चांद्यात येऊन कागद वाचायला शिकला, तेव्हा तो सरकारला जड जाणार हे उघड होतं.

तो परतला तेव्हा डोंगरात काय चाललं होतं? जंगल राखीव झालं होतं. पिढ्यान्पिढ्या पोडू करणारा, म्हणजे रान साफ करून फिरती शेती करणारा माणूस एका सकाळी अतिक्रमणवाला ठरला. गुरं चारली तर पट्टी, लाकूड आणलं तर पट्टी, आणि पट्टीहून जास्त गार्डाचा हात ओला करायला. सपाटीवरून आलेले शेतकरी आणि सावकार मात्र पट्टे लिहून घेत होते. गोंडाच्या हाती कागद नव्हता, आणि सरकारला फक्त कागद दिसत होता. बाबेझरीला भीम आणि त्याच्या माणसांनी जमीन तोडून वस्ती केली, तर जंगलखात्याने ती जाळली. अर्जविनंत्या करून झाल्या. मग मात्र भीमने बारा गावं एकत्र बांधली. जोडेघाट, बाबेझरी, पाटनापूर, कल्लेगाव, नरसापूर अशी ही नावं. मागणी थोडक्यात अशी: या बारा गावांत कारभार आमचा, रान, पाणी आणि जमीन आमची. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्याच्या नावावर आहे. ती आज रांचीपासून रायगडपर्यंत कुठल्याही मोर्चात ऐकू येते.

निजामाने जमिनीचे पट्टे देऊ केले. भीमने ते घेतले नाहीत. जमीन तर हवीच होती, पण ती कुणाच्या हुकमावर मिळायची हाच भांडणाचा मुद्दा होता. भिकेत मिळालेलं परतही मागता येतं.

लढाई काय म्हणायची तिला? एका बाजूला पोलिसांच्या बंदुका, दुसऱ्या बाजूला काही भरमार बंदुका, बाकी कुऱ्हाडी, तीरकमठे आणि गोफणगुंडे. पण डोंगर होता. जोडेघाटचे कडे, बांबूची दाटी, चढणीची एकच वाट. ज्याला ती वाट माहीत तो वर टिकतो. म्हणून भीम काही काळ टिकला. शेवटी पोलीस चांदण्या रात्री चढून आले आणि त्यांना वाट दाखवणारा माणूस आतलाच होता, असं तिथले लोक आजही सांगतात. गोळीबारात भीम आणि त्याचे साथीदार पडले. साल 1940.

तारखेबद्दल दोन मतं आहेत. काही पुस्तकांत 1 सप्टेंबर आहे. लोक मात्र आश्विन पौर्णिमा पाळतात, म्हणजे आपली कोजागिरी. इथे पंचांग साक्षीला घेता येतं. 1 ऑक्टोबर 1940 ला सूर्यग्रहण झालं होतं, म्हणजे ती अमावस्या. त्यावरून मागे मोजलं तर 1 सप्टेंबरच्या सुमारासही अमावस्याच, आणि आश्विन पौर्णिमा ऑक्टोबरच्या मध्यावर. चांदण्यात पोलीस चढून आले ही आठवण खरी असेल, तर सप्टेंबरची तारीख जमत नाही. कागदावरची तारीख आणि लोकांच्या डोक्यातला चंद्र यांत इथे तरी चंद्राचं पारडं जड वाटतं.

आता हँड्रिन. उत्तर इराकमधल्या रवांदूजजवळचा हा पर्वत. 1966 च्या मे महिन्यात इराकी सैन्याने मोठी चढाई केली आणि कुर्द नेते मुल्ला मुस्तफा बारझानींच्या पेशमर्गांनी याच उतारांवर तिचा धुव्वा उडवला. पेशमर्गा म्हणजे मृत्यूला सामोरा जाणारा. त्या पराभवानंतर महिना-दीड महिन्यात, 29 जूनला, पंतप्रधान बझ्झाझ यांनी बारा कलमी जाहीरनामा काढला: कुर्दी भाषेला मान, स्थानिक कारभारात वाटा. ऑगस्टमध्ये बझ्झाझच पदावरून गेले आणि जाहीरनामा कागदावर राहिला. 1970 च्या 11 मार्चला स्वायत्ततेचा करार झाला, तोही मोडला. 1975 साली अल्जीयर्सला इराण आणि इराकने हातमिळवणी केली, इराणने मदत तोडली, आणि उठाव काही आठवड्यांत कोसळला. ‘डोंगरावाचून आम्हाला मित्र नाही’ असं कुर्द म्हणतात, ते उगाच नाही.

गंमत अशी की हँड्रिन जिंकला होता आणि जोडेघाट हरला होता. तरी जोडेघाटनंतर काहीतरी घडलं. हे गोंड का उठले, असा प्रश्न निजाम सरकारला पडला. त्याच सुमारास ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हैदराबाद संस्थानात होता. युद्ध पेटलेलं, तो शत्रुराष्ट्राचा नागरिक, त्यामुळे इंग्रजांनी त्याच्या फिरण्यावर बंधनं घातलेली. तो आणि त्याची पत्नी बेटी आदिलाबादच्या मार्लवाई गावात येऊन राहिले. गोंडांमध्ये राहून त्याने जे पाहिलं ते सरकारपुढे मांडलं, आणि जमीन द्यावी लागेल असं स्पष्ट लिहिलं. पुढच्या काही वर्षांत आदिलाबाद जिल्ह्यात आदिवासींना दीड लाखाहून जास्त एकर जमिनीचे पट्टे मिळाले. आदिवासी भागासाठी वेगळा कायदा झाला. मार्लवाईत गोंड शिक्षक तयार करणारी शाळा निघाली, आणि तिथली गोंडी पुस्तकं छापली गेली ती देवनागरीत, कारण त्या डोंगरात व्यवहाराची भाषा मराठी होती. ज्याला चांद्याच्या छापखान्यात अक्षरं भेटली, त्याच्या मुलखातल्या पोरांनी मराठीच्याच लिपीत स्वतःची भाषा गिरवली. बेटीचं 1987 साली निधन झालं. तिची समाधी मार्लवाईतच आहे.

पट्टे मिळाले म्हणून प्रश्न संपला नाही. जमिनी हळूहळू पुन्हा हातून जात राहिल्या. 20 एप्रिल 1981 ला इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा, लोकांचा आकडा त्याहून खूप मोठा. म्हणजे स्वतंत्र देशात, चाळीस वर्षांनी, त्याच जिल्ह्यात, त्याच मुद्द्यावर. भीमच्या नावाने आज जिल्हा आहे, 2016 साली झालेला कुमराम भीम आसिफाबाद. हैदराबादला पुतळा आहे. जोडेघाटला संग्रहालय आहे. 2022 च्या एका गाजलेल्या सिनेमात तर त्याच्या नावाचा नायक वाघाशी झुंजतो आणि नाचतोही. नाच झकास आहे. पण ज्याने एवढंच पाहिलं, त्याला पट्टी, गार्ड आणि जळालेली वस्ती यांतलं काही कळलेलं नसतं.

आपल्या बाजूला काय? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने ‘मावा नाटे माटे सरकार’, म्हणजे आमच्या गावात आम्हीच सरकार, असं म्हणत बंदूक न उचलता वाट काढली. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गोंदिया जिल्ह्याची गोष्ट जरा चमत्कारिक आहे. कचारगड इथे, गोंडांची दाट वस्ती देवरी-सालेकशाला. पण राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात हा जिल्हा नाही. त्यामुळे 1996 चा पेसा कायदा शेजारच्या गडचिरोलीला लागू होतो आणि सीमा ओलांडून इकडे आलं की संपतो. वाघ आणि तेंदूची झाडं ती सीमा मानत नाहीत, कायदा मानतो.

उरतो तो वनहक्क कायदा. तो इथेही लागू आहे, आणि देवरीकडच्या काही ग्रामसभांनी तो नीट वापरला आहे. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून झाला की फळीवर पुडकी मोजली जातात, आणि लिलाव आता ठेकेदाराच्या घरी नाही, ग्रामसभेत होतो. किती पुडकी, काय भाव, कुणाच्या नावावर किती, हे गावातलाच कुणी शिकलेला पोरगा वहीत लिहितो, आणि म्हाताऱ्या बाया त्याच्याकडून आपला आकडा दोनदा वाचून घेतात.