तीन पायांवरचा तोल



ज्या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य आणि अर्थकारण यांवर व्याख्याने व्हायची, तेथे आज कुत्र्यावर बोलायचे, म्हणजे काहींना थट्टा वाटेल. परंतु आपल्या विजयदुर्गच्या बंदरावर, तटाच्या पायथ्याशी, जाळ्यांच्या ढिगाऱ्यात जो प्राणी आपल्याबरोबर राहतो, त्याच्याविषयी चार शब्द ऐकणे काही कमीपणाचे नाही.

कुत्र्याचा पाय जातो कसा? कधी मोटारीखाली सापडून, तर कधी नायलॉनच्या धाग्याने. फेकलेल्या जाळ्याचा एखादा धागा पायात अडकतो आणि आवळत जातो. रक्त थांबते, पाय सुजतो, मग सडतो. वेळीच कात्री लावली तर पाय वाचतो. उशीर झाला तर पाय कापून जीव वाचवावा लागतो. ही विद्या आपल्याकडे नवी नाही. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून ती येथे शिकवली जात आहे. आपण कमी पडतो ते शस्त्रक्रियेनंतर.

प्रथम शरीराचा हिशेब पाहू. चार पायांवर उभ्या असलेल्या कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते, तर ४० टक्के मागच्या दोहोंवर. म्हणून मागचा पाय गेला तर तो लवकर सावरतो. पुढचा गेला तर उरलेल्या एकट्या पुढच्या पायावर फार मोठा भार येतो, आणि मान व पाठ दुखू लागते. आपल्याकडे लहान होडीला एका अंगाला उलांडी बांधतात; ती नसेल तर होडी लाटेवर कलंडते. कुत्र्याची उलांडी म्हणजे त्याची मान आणि शेपूट. ती कशी वापरायची हे तो स्वतःच शिकतो. बहुतेक कुत्रे शस्त्रक्रियेनंतर एकदोन दिवसांत उभे राहतात. हळहळत बसतो तो माणूस!

आता आपले काम. घरात गुळगुळीत फरशी असेल तर तीवर गोणपाट अंथरा. घसरून एकदा पडला की तो चालायलाच भितो. सारवलेली जमीन त्याला उत्तम. मागचा पाय गेला असेल तर जुन्या पंचाची झोळी पोटाखालून घेऊन पहिले काही दिवस आधार द्या. टाके निघाले की दिवसातून तीनदा, पाचपाच मिनिटे, दोरी धरून सावकाश चालवा. तीन पायांवर पळणे सोपे आणि हळू चालणे कठीण. म्हणूनच हळू चालण्याने स्नायू बळावतात. तो उभा असताना खांद्याला हलकेच रेटा द्या आणि त्याला तोल सांभाळू द्या. उरलेले पाय, मान आणि पाठ हातांनी चोळा. नखे वाढू देऊ नका.

आणि समुद्र तर दाराशी आहे! कुत्रा कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला म्हणजे त्याच्या पायांवर वजनाचे चाळीस टक्केही उरत नाहीत. परदेशांत यासाठी काचेच्या हौदात फिरते पट्टे बसवतात. आपल्याला वाघोटण खाडीचे शांत पाणी फुकट मिळाले आहे. मात्र जखम पूर्ण भरल्याशिवाय पाण्यात नेऊ नये, पावसाळ्यात तर मुळीच नको, आणि नंतर गोड्या पाण्याने खार धुवावा. चालवायचे ते ओल्या, घट्ट वाळूवरून. कोरड्या भुसभुशीत वाळूत तो लवकर थकतो.

नामदेवांची कथा आपण सारे जाणतो. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. तो भाव घ्यावा; परंतु तीन पायांच्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावू नये! चार पायांचा भार तीन पाय वाहत असतात, आणि अंगावर चढलेली चरबी त्याच्या सांध्यांचा शत्रू आहे.

कोणी विचारील, कृत्रिम पाय का लावू नये? थायलंडमधील मोटाला हत्तीण १९९९ साली भूसुरुंगावर पडून पाऊल गमावून बसली. तिला २००९ साली कृत्रिम पाय मिळाला. हत्तीला तीन पायांवर जन्म काढणे अवघड. कुत्र्याचा पाय बहुधा वरपर्यंत काढतात, कारण उरलेले खुंट आपटून जखमी होते. मग कृत्रिम पाय बसवायला जागाच उरत नाही, आणि त्याची गरजही सहसा पडत नाही.

दोन कठोर गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. पाठीचा कणाच चुरडला असेल आणि वेदना आवरत नसतील, तर डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणे हीही दयाच होय. आणि पिसाळल्याचा संशय असेल तर त्या कुत्र्याला हात लावू नये. चावलाच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तडक दवाखाना गाठावा.

आता खरा प्रश्न. बेवारशी कुत्र्याला नसबंदी व लस देऊन त्याच्याच जागी सोडावे, असे २०२३ चे नियम सांगतात. पण तीन पायांचा कुत्रा रस्त्यावर सोडला तर तो मोटारीपुढून वेळेवर बाजूला होईलच असे नाही, आणि दुसऱ्या कुत्र्यांशी झुंजूही शकत नाही. त्याला एखादे अंगण लागते. जखमी जनावर उचलताना दहा हात पुढे येतात. तिसऱ्या आठवड्यात त्याला चालवायला एकही उरत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की कुत्रा उचलण्याआधी 'पुढचे तीन महिने कोण?' हे एका नावानिशी ठरवावे.

माणसे उपेक्षित असताना कुत्र्याचे लाड कशाला, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर आपल्या घरांतच आहे. पक्षाघात झालेल्या वडिलांना आपण धावपळ करून इस्पितळात नेतो. आणि घरी आणल्यावर, डॉक्टरांनी सांगितलेला हाताचा व्यायाम महिन्याभरात बंद पडतो. बाबा आमट्यांनी आनंदवनात कुष्ठरोग्यांना भिक्षा न देता काम दिले, त्यातले मर्म हेच. जीव वाचवणे हे अर्धे काम. त्याला पुन्हा स्वतःच्या बळावर उभे करणे हे उरलेले अर्धे. कुत्र्याला रोज पाच मिनिटे चालवण्याचा नेम ज्या घरातल्या मुलाने पाळला, तो उद्या आजोबांचा हातही नेमाने हलवील, असा माझा विश्वास आहे.