डासाच्या पोटातले सगोत्र विवाह



स्वागताध्यक्षाने निवासाची आणि जेवणाची व्यवस्था सांगून खाली बसावे, असा संकेत आहे. पण ही परिषद नागपूरच्या सक्करदऱ्यात भरली आहे; इथून शासकीय वैद्यकीय रुग्णालय, म्हणजे मेडिकल, जवळ आहे आणि गडचिरोली-गोंदियाकडचे हिवतापाचे अत्यवस्थ रुग्ण अनेकदा तिथेच पोहोचतात. म्हणून तो संकेत आज थोडा मोडतो.

हिवतापाचे रुग्ण घटले की त्याचा परजीवीही खचला, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम हा हिवतापाचा परजीवी माणसाच्या शरीरात केवळ विभाजनाने वाढतो. नर-मादी पेशींचे मीलन होते ते डासाच्या पोटात. आफ्रिकेत प्रसार दाट असलेल्या भागांत एकाच रुग्णाच्या रक्तात अनेक वाण असतात, त्यामुळे त्यांचा संकर होऊन जनुके पिसली जातात. प्रसार विरळ असला की डासाला बहुधा एकच वाण मिळतो आणि होतात ते सगोत्र विवाह. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या हिवतापावरच्या औषधाला दाद न देण्यासाठी लागणारे बदल चौथ्या आणि आठव्या अशा दोन वेगळ्या गुणसूत्रांवर असतात. संकरात ही जोडी फुटू शकते, सगोत्रात ती अभंग पुढे जाते. 2010 मध्ये देशाने फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेटच्या जोडीला हेच औषध स्वीकारले, हे इथे आठवायला हवे.

यावर कोणी म्हणेल, प्रतिकार औषधांच्या वापरातून येतो, विवाहपद्धतीतून नव्हे. शिवाय परजीवी कमी तर उत्परिवर्तनेही कमी. दोन्ही म्हणणी बरोबर, पण अपुरी. दाट प्रसाराच्या भागात अंगात प्रतिकारशक्ती मुरलेले लोक तापाशिवाय परजीवी बाळगतात, गोळ्या घेत नाहीत. तिथे औषधाला बळी पडणारे वाणही सुखाने नांदतात. विरळ भागात संसर्गाबरोबर ताप येण्याचे प्रमाण जास्त, म्हणून औषधाशी गाठ पडते. क्लोरोक्विन या जुन्या औषधाला होणारा प्रतिकार 1950 च्या दशकाअखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात डोके वर काढतो, भारतात 1973 मध्ये आसामात दिसतो; आर्टेसुनेट ज्या गटातले, त्या आर्टेमिसिनिनला होणारा प्रतिकार पुन्हा कंबोडियातच. आफ्रिकेच्या तुलनेत हे विरळ प्रसाराचे भाग; म्हणून हा क्रम मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

गडचिरोलीतल्या भामरागडच्या तापकऱ्याला जनुकशास्त्राचा काय उपयोग, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला गोळी हवी, तीही वेळेवर. पण देशाच्या उद्दिष्टाप्रमाणे 2027 पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचे, तर स्थानिक कोण आणि छत्तीसगडातून आलेला कोण, हे ठरवावे लागेल. गाळणकागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबातून वाणांचे नाते तपासता येते. सीमेच्या दोन्ही बाजूंचा परजीवी एकच निघाला, तर जिल्हानिहाय शून्याचा हिशेबच फोल ठरेल. मग गडचिरोली आणि बस्तर यांची मोहीम एकत्र आखावी लागेल. उरलेल्या प्रत्येक रुग्णाचा असा थेंब जपून ठेवावा आणि तो दोन्ही राज्यांनी एकाच पद्धतीने तपासावा, हा ठराव या परिषदेपुढे मी ठेवतो.