बोस्टनला पत्र, खेड्यात तंबू

अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे लोरिन गेट्स आणि त्यांच्या पत्नी फ्रान्सिस यांनी सोलापुरात उमेदीची कित्येक वर्षे काढली. फ्रान्सिसबाईंचे वडील ॲलन हेझन याच मिशनचे. म्हणजे मराठी मुलूख त्यांना माहेरचाच.

रविवारी मराठीतून उपासना. मग आठवडाभर शाळांची पाहणी, हिशेब आणि मिशनच्या बोस्टनमधल्या मुख्य कचेरीला पत्रे. उत्तर यायचे कित्येक आठवड्यांनी. थंडी पडली की बैलगाडीत तंबू, भांडीकुंडी, औषधांची पेटी टाकून खेड्यांकडे. साहेब चावडीपाशी बोलायचे, मडम बायकांत बसायच्या. माझ्या मते खरे काम तिथेच व्हायचे.

1899-1900 च्या दुष्काळाने ही घडी मोडली. वारांचा हिशेब संपला, धान्याचा सुरू झाला. मिशनने अनाथ मुले सांभाळली, त्यांना हातचे धंदे शिकवले. धर्मांतरावरून वाद होते, आजही आहेत. मुलांना मात्र आधी भाकरी हवी होती.

त्या काळाची एक खूण सोलापुरात अजून आहे: मिशनच्या मुलींच्या शाळेचे नाव, वोरोनोको. मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावाचे हे नाव सोलापूरकर आजही अगदी सहज घेतात.