हातचा एक



पुरानी बस्तीतील दुकानदाराचे गणकयंत्र क्षणात बेरीज सांगते. परंतु त्याच्या अंतरंगात पाटीवरचा ‘हातचा’च वावरतो. सतराव्या शतकातील पास्कलच्या यंत्रात एका चाकाचा दहाचा फेरा पूर्ण होताच शेजारचे चाक एक घर पुढे सरके. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकात चाकांचे काम विजेने केले. तेथे अंक दोनच, शून्य आणि एक. एकात एक मिळविला, की त्या घरी शून्य उरते आणि हातचा एक डावीकडे जातो.

यंत्र हातचा विसरत नाही. मात्र उदाहरणच चुकीचे मांडले आहे, हे त्याला उमगत नाही. ती जाण पाटीवरच येते. म्हणून मुलांच्या हाती यंत्र देण्यापूर्वी हातचा द्यावा.